पेवात न सोडलेला दिवा

डोमाजीची शाळा दुसरीपर्यंत झाली होती, तीही वर्गाच्या दाराबाहेर बसून. वाचायचा तो अक्षराला अक्षर ठेचकाळत, आणि लिहायचा ते फक्त स्वतःचं नाव. असा माणूस घरी पोरांना विचार करायला शिकवतो म्हटल्यावर गाव हसणारच. मारेगावपासून दोन कोसांवरचं पिंपरडोह तर हसायला निमित्तच शोधत असे. "आडातच नाई, तं पोहऱ्यात कुठून येईन?" असं पारावर बसणारे म्हणत. ते डोमाजीच्या कानावर जाई. तो म्हणे, "आडात काय हाय ते पोहरा सोडल्याबिगर कसं समजंन?" त्यावर पारावरचे पुन्हा हसत.

छप्पन सालच्या दसऱ्याला गावातले अकरा जण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्यात डोमाजी होता. घरी आल्या आल्या त्यानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नाल्याच्या डोहात सोडून दिले. बायको रुखमाबाई काठावर उभी होती. ती म्हणाली, "देव गेले ते गेले. पण लेकरं बिमार पडली तं हाका कोणाले मारू?"

"डाक्तरले," डोमाजी म्हणाला.

डाक्तर मारेगावला आणि देव घरात, हा फरक नवऱ्याला आत्ता कळायचा नाही, हे रुखमाबाईला ठाऊक होतं.

नाल्यावरून परतताना वाटेत मांजर आडवं गेलं आणि डोमाजीचा पाय थांबला. नुकतेच तेहेतीस कोटी देव बुडवून आलेला माणूस एका मांजरापुढं उभा राहिला. त्याची त्यालाच लाज वाटली. देव फडक्यात बांधता आले, पण भीती पायात होती, ती कशात बांधणार? आपलं आता व्हायचं ते झालं, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण पोरांचा पाय असा थांबता कामा नये. त्या एका गोष्टीसाठी त्यानं पुढची सात वर्षं घातली.

पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेत घालताना तिचं नाव सत्यशीला लिहिलं, घरी सगळे शिला म्हणत. मुलगा धर्मपाल पुढच्या वर्षी झाला. त्यांच्यासाठी डोमाजीनं अंगणात कोळशानं दोन रिंगणं आखली. एक 'पाह्यलेलं', दुसरं 'आयकलेलं'. सांजेला जेवणाआधी प्रत्येकानं दिवसभरातली एक गोष्ट सांगायची आणि तिच्या नावाचा चिंचोका योग्य त्या रिंगणात ठेवायचा. साप दूध पितो, ठेव आयकलेल्यात. पाटलाची लाल गाय व्याली, ठेव पाह्यलेल्यात. आयकलेल्यातला चिंचोका उचलून पाह्यलेल्यात टाकायचा असेल, तर आपल्या पायांनी जाऊन, आपल्या डोळ्यांनी पाहून यायचं. नियम साधा होता, आणि तो बापालाही लागू होता.

शिलाला ह्याचा नादच लागला. मांजराचं खरंखोटं करायला तिनं भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या. नऊ वेळा मांजर आडवं गेलं आणि नऊही दिवस सुखाचे गेले. ज्या दिवशी गुरुजींनी तिला छड्या मारल्या, त्या दिवशी तर मांजर फिरकलंच नव्हतं. "म्हंजे मांजर आडवं जात जा म्हणून सांगा लागंन त्याले," ती म्हणाली. डोमाजी इतका हसला की त्याला ठसका लागला.

एकदा तिनं बापालाच धरलं. "बा, तुमी म्हणता नागपूरले लाखो माणसं होती. मोजली कोनं?"

"माही नजर पुरली नाई पोरी, इतकी होती."

"मंग लय होती म्हणा. लाख नोका म्हणू."

डोमाजीनं आपला चिंचोका उचलला आणि आयकलेल्यात ठेवला. रुखमाबाई चुलीपाशी बसून हे पाहत होती. "घरात वकील वाढून राह्यला," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी नवऱ्याचीच साक्ष घेईन ही." बोलणं टोमण्याचं होतं, पण पोरगी हुशार निघाल्याचं सुख तिच्या तोंडावरून लपत नव्हतं.

आता ह्या शिकवणीत एक खोट होती, आणि ती तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. गोष्ट खरी की खोटी, एवढंच डोमाजी पोरांना पारखायला शिकवत होता. लोक एखादी गोष्ट करतात ती मुळात का करू लागले असतील, हे विचारायला त्याच्याकडं तिसरं रिंगण नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यानं गावाच्या रीतींची कारणं शोधत बसावं तरी कशाला? रीत म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढं मढी ओढणारा बाप उभा राही. तेव्हा त्याला फार दोष देता येत नाही. दोष त्यानं स्वतःला दिला, तो पुढं येईल.

त्रेसष्ट सालच्या वैशाखात पंजाबराव पाटलाचं पेव उघडायचं निघालं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. दोन पुरुष खोल, आत रांजणासारखं फुगलेलं, आणि तोंड एवढं अरुंद की अंगानं भरलेला माणूस अडकावा. त्यात ज्वारी भरून वरून दगड लावत आणि मातीनं लिंपून घेत. पेव उघडलं की आधी आत दोरीनं दिवा सोडायची रीत होती. पेवात म्हातारी राहते, दिवा तिचा पाहुणचार, तिनं दिवा विझवला तर ती रागात आहे, मग ती शांत होईपर्यंत उतरायचं नाही, असं गाव मानत असे. दिवा सोडायचं काम डोमाजीच्या घराण्याकडं होतं. आज्यानं ते बापाला दिलं, बापानं डोमाजीला. दिवा दिला, त्याचं कारण कोणी दिलं नाही. छप्पननंतर वस्तीनं गावकीची सारी कामं टाकली, त्यात हेही गेलं. आता डोमाजी पेवावर जायचा तो रोजानं, चार गड्यांबरोबर.

त्या दिवशी सकाळी शिलाही टोपली घेऊन त्याच्यामागं गेली. शाळेला सुट्ट्या होत्या, आणि बारा वर्षांची पोर घरी बसून करणार काय?

गड्यांनी माती फोडली, दगड सरकवला. आतून कोंदट, आंबूस वास आला. पाटलाची म्हातारी आई सत्यभामाबाई ताटात दिवा, कुंकू आणि नारळ घेऊन उभी होती. "दिवा सोड आधी, डोमा," ती म्हणाली.

"आजी, मी आता दिवे सोडत नाई. माहा धरम बदलला."

"धरम तुहा बदलला. पेव तं तेच हाय."

गडी हसले. डोमाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंजाबरावाला बैलगाड्या भरून वणीच्या बाजाराला पाठवायची घाई होती. तो म्हणाला, "राहू दे माय, त्याच्या मनाविरुद्ध कायले?" सत्यभामाबाई ताट घेऊन बाजूला बसली.

शिला ते ताट पाहत होती. "बा," तिनं विचारलं, "आजीचा दिवा खाली गेला म्हंजे काय होते?"

"काई होत नाई."

"तुमी पाह्यलं का?"

त्यानं पाहिलं होतं. लहानपणी बापाबरोबर आला असताना दिवा कमरेएवढा खाली जाऊन विझलेला पाहिला होता, आणि बाप उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत पेव उघडं टाकून वाट बघत राहिलेलाही. हा चिंचोका सरळसरळ पाह्यलेल्यात पडायचा होता. पण गडी ऐकत होते, सत्यभामाबाई ऐकत होती, आणि आपण कशाला तरी भ्यालो असं दिसायला नको होतं. "लय बोलते तू. टोपल्या आण," तो म्हणाला. सात वर्षांत पोरीचा प्रश्न त्यानं पहिल्यांदा असा झटकून टाकला.

आता उतरणार कोण? गडी एकमेकांकडं पाहू लागले. दिवा सोडला नव्हता, तेव्हा कोणाचा पाय उचलेना. एकाला कमरेत उसण भरली, दुसऱ्याला बायकोचा निरोप आठवला. डोमाजी स्वतः उतरायला निघाला, पण खांदे तोंडात अडकू लागले.

"मले उतरू द्या, बा," शिला म्हणाली. "मी जातो त्याच्यातून. म्हातारी हाय का नाई ते बी पाहून येतो."

डोमाजीनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीतीचं नाव नव्हतं. ह्याच्याचसाठी तर त्यानं सात वर्षं घातली होती. त्यानं तिच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि तिला आत सोडलं.

ती अर्ध्यावर गेली असेल. आतून आवाज आला, "बा, म्हातारी नाई इथं." सगळ्यांनी ऐकलं. डोमाजीनं गड्यांकडं पाहिलं, सत्यभामाबाईकडं पाहिलं. त्याची छाती भरून आली. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. पुढं तो सगळं काही सोसू शकला, पण तो क्षणभराचा आनंद त्याला कधी सोसला नाही.

मग दोर सैल झाला. टोपली भरायला तिनं गाठ सोडली असावी. त्यांनी थोडं थांबून हाक मारली, मग पुन्हा मारली. आतून काहीच आलं नाही. डोमाजीनं दुसरा दोर कमरेला बांधला, अंगरखा फाडून काढला, खांदे सोलत स्वतःला त्या तोंडातून आत ढकललं. खाली पोचायच्या आधीच त्याची मान लुळी पडली. गड्यांनी त्याला तसाच ओढून वर घेतला. तो शुद्धीवर आला तेव्हा उन्हं डोक्यावर होती आणि शेजारी, बैलगाडीच्या सावलीत, शिला निजवलेली होती. पाण्यात पडलेलं भांडं काढायचा गळ लावून तिला वर काढलं होतं. तिच्या मुठीत ज्वारी होती.

सांजेच्या आत तिला माती दिली.

गाव काय म्हणालं ते सांगायला नको. देव सोडले, दिवा सोडला नाही, म्हातारीनं पोर ठेवून घेतली. पारावरचे आता हसत नव्हते, पण त्यांच्या गंभीरपणात आपलं खरं झाल्याचं थोडं सुख मिसळलेलं होतं. सत्यभामाबाई मात्र खरंच रडली. "मी दिवा घेऊन बसलीच होतो ना बापा," एवढंच ती येईल त्याला सांगत राहिली.

डोमाजीची थोरली बहीण तुळसाबाई आर्णीहून आली ती मुक्कामालाच. ती काही गावाची नव्हती, ती रक्ताची होती. तिनं भावाच्या डोक्याला तेल लावलं, त्याला घास भरवला आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "डोमा, पेवावर एक नारळ फोड. देव आणा असं नाई म्हणत मी. पण तिनं पोर नेली, आता ल्हान्यावर नजर नोको." डोमाजी भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

दहाव्या दिवशी पाटलाचं दुसरं पेव उघडायचं होतं. गडी यायला तयार नव्हते. डोमाजी उठला, पाटलाच्या वाड्यावर गेला आणि सत्यभामाबाईला म्हणाला, "आजी, दिवा द्या." तिनं दिव्याला कुंकू लावून तो त्याच्या हातात दिला. त्यानं ते पुसलं नाही. तुळसाबाईला ही बातमी कळली तेव्हा तिनं आभाळाकडं पाहून हात जोडले.

दगड सरकवल्यावर डोमाजीनं दिवा दोरीनं आत सोडला. हातभर खाली ज्योत नीट होती. कमरेएवढी खाली गेली तशी बारीक झाली आणि विझली. त्यानं दिवा वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. तिथंच विझला. तिसऱ्यांदाही तिथंच. बाप बसला होता तसा तोही उन्हात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा सोडला तो तळापर्यंत जळत गेला. ह्या पेवाचं तोंड जरा रुंद होतं. डोमाजी स्वतः उतरला, ज्वारीवर उभा राहिला, पोटभर श्वास घेतला आणि जिवंत वर आला. म्हातारी काल असती तर आजही असायला हवी होती.

घरी येऊन त्यानं पेटत्या दिव्यावर घमेलं पालथं घातलं. थोड्या वेळानं उचललं. दिवा विझला होता. त्यानं तो पेटवला, पुन्हा घमेलं घातलं. असं किती वेळा केलं कोण जाणे. दिव्याला जी हवा लागते तीच माणसाला लागते. कोंडलेल्या पेवात ती राहत नाही. पूर्वी कोणीतरी हे ओळखलं होतं, आणि पोरासोरांनाही ध्यानात राहावं म्हणून त्याची म्हातारी केली होती. त्यानं म्हातारी फेकली, ते ठीकच होतं. तिच्याबरोबर दिवाही फेकला. आणि शिलानं नेमकं तेच विचारलं होतं, दिवा खाली गेल्यावर काय होतं म्हणून.

पुढं आसपासच्या गावांतून, पार मारेगावच्या पलीकडून, पेव उघडायचं असलं की डोमाजीला बोलावणं येऊ लागलं. तो जाई, दिवा सोडी, आणि जमलेल्यांना कारण समजावून सांगी. लोक मान डोलावत आणि मग हळूच नारळही फोडत. तो त्यांच्याशी वाद घालत नसे. पण हे सारं नंतरचं. त्याआधी घरातलं एक बाकी होतं.

घमेल्याच्या त्या दिवशी रुखमाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. पोरगी गेल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. "आयकता का," ती म्हणाली. "म्हातारीनं नेली असं म्हणा."

"म्हातारी नसते, तुले बी मालूम हाय."

"मालूम हाय. तरी म्हणा. म्हातारीनं नेली म्हटलं तं मी तिले शिव्या देईन, बोटं मोडीन. नाई म्हटलं तं मी कोणाची बोटं मोडू? मले तुमच्यासंग एका घरात राहा लागते."

डोमाजीला तिचं म्हणणं पूर्ण कळलं. खोटं सोपं होतं. बहिणीला ते हवं होतं, गावाला हवं होतं, आणि सगळ्यांत जास्त ते त्याला स्वतःला हवं होतं. म्हातारीवर विश्वास ठेवला की तो देवधर्म बदललेला, कोपाला बळी पडलेला बाप ठरणार होता. नाही ठेवला की पोरीला हातानं दोर बांधून सोडणारा. तो "हो" म्हणण्याच्या अगदी बेतात होता. ओठ हललेही.

तेवढ्यात धर्मपाल आत आला. तो सहा वर्षांचा होता, आणि दहा दिवसांत जो भेटेल तो त्याला जवळ घेऊन काहीबाही सांगत होता. तो बापासमोर उभा राहिला. "बा, आक्काले पेवातल्या म्हातारीनं नेलं का?"

रुखमाबाईनं नवऱ्याचं मनगट धरलं. दारात तुळसाबाई येऊन उभी राहिली होती. तीही थांबली.

डोमाजी पोराकडं पाहत राहिला. आज ह्याला हो म्हटलं तर हा जन्मभर भीत राहील, आणि भीती टाकली तर मरेल, कारण दिवा कशासाठी ते ह्यालाही कोणी सांगितलेलं नसेल. "नाई," तो म्हणाला. "म्हातारी नसते. पेव बंद राह्यलं म्हंजे आतली हवा खराब होते. माणूस उतरला का मरते. दिवा सोडला तं तो विझते, मंग समजते का उतराचं नाई."

"मंग दिवा काहून नाई सोडला?"

"आजी सोड म्हणे. मी सोडू देल्ला नाई."

धर्मपालनं ते नीट ऐकून घेतलं. पोर लहान होतं, पण ह्या घरात वाढलेलं होतं. तो थोडा वेळ सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आक्का तुमच्यानं मेली."

तो विचारत नव्हता, सांगत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचं चुकलंही नव्हतं.

"हो," डोमाजी म्हणाला. "माह्यानं मेली."

रुखमाबाईनं त्याचं मनगट सोडलं. ती उठली, पोराला कडेवर घेतलं आणि दारापाशी जाऊन थांबली. "एक खोटं मांगितलं होतं तुमाले," ती म्हणाली. "ते बी देल्लं नाई."

ती रात्र तिनं शेजारच्या घरी काढली. सकाळी परत आली, चूल पेटवली, भाकरी थापली आणि त्याच्यापुढं वाढली, रोज वाढायची तशीच. डोमाजीनं एक घास मोडला आणि त्याला रडू फुटलं, पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा. रुखमाबाई चुलीकडं तोंड करून पुढची भाकरी थापत राहिली.